पिकांच्या अवशेषांवर मेंढ्यांची वाढ : दख्खनच्या पठारावरील मेंढपाळांचे नेहमीचे प्रश्न

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या आहेत. त्यांतील बहुतेक अहिल्यानगर, पुणे, सातारा, सांगली, सोलापूर यांसारख्या कमी पावसाच्या जिल्ह्यांत चराईवर जगतात. याच पट्ट्यात दरवर्षी तूर, हरभरा, ज्वारी, बाजरी, सोयाबीन, भुईमूग आणि ऊस यांचे अवशेष मोठ्या प्रमाणावर निघतात. त्यांतील काही जाळले जातात, काही बांधावर कुजतात आणि काही मातीमोल भावाने विकले जातात. हे अवशेष मेंढीच्या, विशेषतः वाढत्या कोकराच्या पोटात कसे घालावेत, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे पुढे दिली आहेत. येथे प्रामुख्याने दख्खनी आणि माडग्याळ या जातींच्या मेंढ्यांचा विचार केला आहे.

मेंढी दिवसभर रानात चरते, मग तिला वेगळा खुराक कशासाठी द्यायचा?

जुलै ते ऑक्टोबर या काळात चांगला पाऊस झालेल्या रानात चरणाऱ्या मोठ्या मेंढीला वेगळा खुराक देण्याची फारशी गरज नसते. अडचण दिवाळीनंतर सुरू होते. गवत वाळते, त्यातील प्रथिने तीन-चार टक्क्यांपर्यंत उतरतात आणि मेंढीचे पोट भरलेले दिसले तरी ती आतून उपाशी राहते. मेंढीच्या मोठ्या पोटात, म्हणजे कोठीपोटात, असंख्य सूक्ष्मजीव असतात आणि चाऱ्यातील काडी पचवण्याचे काम तेच करतात. एकूण आहारातील प्रथिने साधारण सात टक्क्यांच्या खाली गेली की या जीवांचे काम मंदावते, काडी पोटात जास्त वेळ पडून राहते आणि मेंढी नवा चारा कमी खाते. याचा अर्थ निकृष्ट चाऱ्यातून पोषण तर कमी मिळतेच, शिवाय तो चारा पुरेसा खाल्लाही जात नाही. या अवस्थेत दिलेला थोडासा प्रथिनयुक्त खुराक स्वतःचे पोषण देतो आणि सोबत खाल्लेल्या काडीचे पचनही सुधारतो. म्हणूनच निव्वळ चराईवर दिवसाला जेमतेम ५०–६० ग्रॅम वाढणारे दख्खनी कोकरू योग्य पूरक आहारावर १०० ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक वाढू शकते.

कोणत्या पिकाचा भुसा मेंढीसाठी सर्वांत चांगला?

डाळवर्गीय पिकांचा, याबद्दल शंका नको. तृणधान्यांच्या आणि कडधान्यांच्या अवशेषांत मोठा फरक असतो, आणि सगळा भुसा एकाच ढिगात टाकणाऱ्याने तो फरक आधी लक्षात घ्यायला हवा.

भुईमुगाचा वाळलेला पाला सर्वांत वर ठेवावा. पाने टिकवून वाळवला तर त्यात १० ते १२ टक्के प्रथिने असतात आणि मेंढ्या तो आवडीने खातात. मात्र पावसात भिजून काळा पडलेला पाला बुरशीमुळे धोक्याचा ठरतो. त्याखालोखाल तुरीचे भूस येते, म्हणजे मळणीनंतर उरलेली पाने, शेंगांची टरफले आणि बारीक काड्या. त्यात प्रथिने सुमारे आठ-नऊ टक्के असतात. तुराट्या वेगळ्या काढून जळणाला ठेवाव्यात, मेंढी त्यांना तोंड लावत नाही. हरभऱ्याचे भूस याहून थोडे हलके असले तरी गव्हाच्या भुशापेक्षा चांगले असते. मूग आणि उडीद यांचे भूसही उत्तम असते, परंतु त्यांची काढणी नेमकी पावसाच्या दिवसांत येत असल्याने ते बहुधा खराब होते.

सोयाबीनच्या भुशाबाबत अनेकांची निराशा होते, कारण सोयाबीनचे पीक प्रथिनांनी भरलेले असते म्हणून भुसाही तसाच असेल असे गृहीत धरले जाते. मळणीच्या वेळी पाने आधीच गळून गेलेली असतात, त्यामुळे भुशात मुख्यतः जाड खोड आणि शेंगांची टरफले उरतात. टरफलांचा भाग मेंढ्या निवडून खातात आणि खोड तसेच ठेवतात. हा भुसा फेकण्यासारखा नाही, पण तुरीच्या भुशाच्या भावाने घेण्यासारखाही नाही.

तृणधान्यांमध्ये रब्बी ज्वारीचा कडबा सर्वांत सरस आहे. बाजरीचे सरमड (वाळलेली ताटे) आणि गव्हाचा भुसा त्याच्या मागे राहतात. भाताचा पेंढा कोकणात आणि मावळात विपुल असतो, परंतु त्यात सिलिका जास्त असल्याने तो पचायला जड जातो. या सर्व अवशेषांत प्रथिने तीन ते चार टक्क्यांच्या आसपासच असतात, त्यामुळे त्यांच्यावर एकट्यावर कोकरू वाढत नाही.

कडबा आणि भूस यांचे प्रमाण काय ठेवावे?

सुक्या चाऱ्यापैकी निम्मा भाग डाळवर्गीय भूस आणि निम्मा कडबा किंवा सरमड, हे सोपे प्रमाण लक्षात ठेवावे. वाढत्या कोकरांसाठी डाळवर्गीय भाग दोन तृतीयांशापर्यंत नेल्यास पेंडेवरचा खर्च उघडपणे कमी होतो. भूस विकत घ्यावे लागत असेल, तर ते आधी कोकरे आणि गाभण मेंढ्यांना द्यावे आणि भाकड मेंढ्या व मोठे मेंढे यांना कडब्यावर ठेवावे.

सगळ्या कळपाला खुराक देणे परवडत नाही. आधी कोणाला द्यावा?

हा प्रश्न खरे तर सर्वांत आधी विचारला जायला हवा. पेंडेचे एक पोते शंभर मेंढ्यांत वाटून प्रत्येकीच्या वाट्याला मूठभर येईल असे करण्यात फारसा अर्थ नाही, कारण मूठभर खुराकाने कोणाचेच वजन दिसण्याइतके वाढत नाही. तेच पोते योग्य जनावरांना योग्य आठवड्यांत दिले तर त्याचे मोल कितीतरी वाढते.

पहिला मान गाभण मेंढीचा, तोही तिच्या शेवटच्या सहा आठवड्यांत. मेंढीचा गर्भकाळ सुमारे १५० दिवसांचा असतो आणि गर्भाची जवळपास ७० टक्के वाढ याच शेवटच्या सहा आठवड्यांत होते. याच काळात तिची कासही तयार होते. या दिवसांत तिला रोज २५० ते ३०० ग्रॅम खुराक मिळाला, तर कोकरू जन्मतःच वजनदार निघते, पहिल्या दिवशी उठून दूध पिते आणि जगते. कमी वजनाच्या कोकराला पुढे कितीही चारले तरी ही तूट भरून निघणे कठीण असते. विल्यानंतरचे पहिले दोन महिने हा दुसरा टप्पा, कारण या काळात कोकराची वाढ मुख्यतः आईच्या दुधावर अवलंबून असते.

तिसरा मान एक ते सहा महिन्यांच्या कोकरांचा. या वयात खाल्लेल्या चाऱ्याचे वजनात रूपांतर सर्वांत चांगले होते. त्यानंतर फळवण्याच्या हंगामातील मेंढ्या येतात. मेंढा सोडण्यापूर्वी साधारण तीन आठवडे रोज २०० ते २५० ग्रॅम भरड किंवा चुनी (डाळ करताना उरणारा चुरा) दिल्यास अशक्त मेंढ्या माजावर येण्याचे आणि गाभण राहण्याचे प्रमाण सुधारते. आधीच अंगाने भरलेल्या मेंढीला याचा फारसा उपयोग होत नाही.

ज्यांच्याकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नारी सुवर्ण जातीच्या मेंढ्या आहेत, त्यांच्या बाबतीत हा क्रम आणखी कडक आहे. या मेंढ्यांमध्ये पश्चिम बंगालच्या सुंदरबन भागातील गरोळ मेंढीकडून आलेले बहुप्रसवाचे जनुक असते आणि त्या वारंवार जुळी देतात. जुळी पोसणाऱ्या मेंढीला चराईवर सोडून दिले, तर दोन कोकरांऐवजी हाती एकच राहते, आणि कधी कधी तेही राहत नाही.

कोकराला पूरक आहार केव्हापासून सुरू करावा?

दोन-तीन आठवड्यांचे झाल्यापासून. आईबरोबर रानात न जाणाऱ्या लहान कोकरांना वाड्यावर, म्हणजे कळपाच्या मुक्कामी, एका बाजूला अशी जागा करून द्यावी, की फटीतून फक्त कोकरे आत जातील आणि मोठ्या मेंढ्या अडतील. तेथे मक्याची भरड, शेंगदाणा पेंड आणि थोडे तुरीचे बारीक भूस ठेवावे. सुरुवातीला कोकरू खाण्यापेक्षा सांडतेच जास्त, परंतु त्या हुंगण्या-चाटण्यातूनच त्याचे कोठीपोट लवकर तयार होते. या वयातील मिश्रणात १६ ते १८ टक्के प्रथिने असावीत. साधारण तीन महिन्यांना दूध तोडताना कोकरू रोज १५०–२०० ग्रॅम खुराक आपण होऊन खात असेल, तर दूध तुटल्याचा धक्का त्याला जाणवत नाही.

वीस किलोच्या कोकरासाठी एका दिवसाचा आहार उदाहरणासह सांगता येईल का?

वीस किलोचे कोकरू दिवसाला आपल्या वजनाच्या सुमारे चार टक्के, म्हणजे ८०० ग्रॅमच्या आसपास कोरडा आहार खाते. तो असा मांडता येतो : खुराक ३०० ग्रॅम, तुरीचे भूस ४०० ग्रॅम आणि कडब्याची कुटी १०० ग्रॅम. खुराकात १७ टक्के प्रथिने धरली तर त्यातून ५१ ग्रॅम, भुसातून सुमारे ३४ ग्रॅम आणि कडब्यातून ४ ग्रॅम, असे ८९ ग्रॅम प्रथिन मिळते. एकूण आहारात हे प्रमाण ११ टक्क्यांच्या थोडे वर जाते, आणि दिवसाला १०० ग्रॅमच्या जवळपासची वाढ मिळवण्यासाठी एवढे पुरेसे आहे. तुरीच्या भुसाच्या जागी सगळा गव्हाचा भुसा दिला तर एकूण प्रथिने ७० ग्रॅमच्याही खाली येतात. त्या वेळी तूट भरण्यासाठी महागडी पेंड वाढवावी लागते.

यासाठी लागणारे १०० किलो मिश्रण घरी तयार करायचे असल्यास मक्याची भरड ३५ किलो, तुरीची चुनी २५ किलो, शेंगदाणा पेंड १५ किलो, गव्हाचा कोंडा २१ किलो, मेंढ्यांसाठीचे खनिज मिश्रण २ किलो, चुनखडीची पूड १ किलो आणि मीठ १ किलो घ्यावे. मका महाग असेल त्या वर्षी त्यातील काही भाग ज्वारी किंवा बाजरीच्या भरडीने बदलता येतो. डाळ मिलमधून मिळणारी चुनी घेताना त्यात माती आणि टरफले किती आहेत हे हातात घेऊन पाहावे, कारण एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या चुनीच्या दोन पोत्यांत मोठा फरक आढळतो.

हे कोकरू दिवसातून काही तास चरतही असेल, तर भूस आणि कुटी त्या मानाने कमी करावी. खुराक कमी करू नये.

सरकी पेंड चांगली की शेंगदाणा पेंड?

शेंगदाणा पेंडेत प्रथिने ४० टक्क्यांहून अधिक असतात, तर टरफलासह काढलेल्या सरकी पेंडेत ती २२ ते २४ टक्क्यांच्या आसपास असतात. त्यामुळे किलोच्या भावाची तुलना करून उपयोग नाही, एक किलो प्रथिनाला किती रुपये पडतात हे पाहावे. सरकीमध्ये गॉसिपॉल हे विषारी द्रव्य असते. मोठ्या मेंढीचे कोठीपोट ते बऱ्याच अंशी निकामी करते, परंतु लहान कोकरांना ते सोसत नाही आणि पैदाशीच्या मेंढ्याला दीर्घकाळ भरपूर सरकी दिल्यास त्याच्या प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो. दूध तुटेपर्यंत कोकरांना सरकी न दिलेली बरी. शेंगदाणा पेंडेची अडचण वेगळी आहे. ओलसर जागी साठवलेल्या पेंडेत बुरशी धरते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन तयार होते. कुबट वास येणारी, गाठी झालेली किंवा हिरवट-काळी पडलेली पेंड स्वस्तात मिळाली तरी घेऊ नये. उन्हात वाळवून किंवा भाजून हे विष विश्वासाने जात नाही.

अलीकडे मक्यापासून इथेनॉल बनवणाऱ्या कारखान्यांतून निघणारा सुका चोथा, ज्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात, पेंडेला पर्याय म्हणून मिळू लागला आहे. त्यात २६ ते ३० टक्के प्रथिने असतात. खुराकात १५–२० टक्क्यांपर्यंत तो वापरायला हरकत नाही, मात्र वास आणि ओल तपासूनच घ्यावा.

कुटी करून घालावी की पेंढी तशीच टाकावी?

कडबा आणि मक्याची ताटे यांची कुटी करावी, कारण आख्खी पेंढी पायदळी जाऊन निम्मी वाया जाते. पण कुटी फार बारीक करू नये. मेंढी निवडून खाणारी आहे, ती आधी पान खाते, मग बारीक काडी, आणि जाड बुडखा शेवटी ठेवते. तिला ही निवड करू दिली, म्हणजे खाईल त्यापेक्षा थोडा जास्त चारा गव्हाणीत टाकला, तर प्रत्यक्षात पोटात जाणारा चारा सरासरीपेक्षा चांगल्या प्रतीचा असतो. पीठ झाल्यासारख्या कुटीत ही सोय उरत नाही. उरलेले बुडखे बैलांना किंवा भाकड जनावरांना घालता येतात. तुरीच्या भुशाला कुटीची गरजच नाही.

गव्हाच्या किंवा भाताच्या काडावर युरियाची प्रक्रिया करावी का?

घरी स्थिर कळप असेल आणि जवळ दुसरा चांगला चारा नसेल, तर करावी. १०० किलो सुक्या काडासाठी ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून तो थराथराने शिंपडावा, प्रत्येक थर दाबावा आणि ढीग प्लास्टिकच्या कागदाने हवाबंद करून तीन आठवडे ठेवावा. युरियातून सुटणारा अमोनिया काडीला मऊ करतो, त्यामुळे पचन सुधारते आणि प्रथिनांचे प्रमाण जवळपास दुपटीने वाढते. खायला घालण्यापूर्वी काढलेला चारा पसरून ठेवावा, म्हणजे डोळ्यांना झोंबणारा वास निघून जातो. सहा महिन्यांखालील कोकरांना हा चारा देऊ नये. युरिया पाण्यात विरघळवून थेट पाजणे किंवा खुराकात अंदाजाने मिसळणे हे जिवावर बेतणारे आहे. युरियाचे पाणी उरलेल्या बादल्या कळपाच्या वाटेत राहू न देणे, ही साधी दक्षताही महत्त्वाची आहे. युरिया असलेल्या आहारात कच्चे सोयाबीन घालू नये, कारण त्यातील विकर (एन्झाइम) युरियाचे विघटन झपाट्याने करते.

चांगल्या तुरीच्या भुशावर किंवा भुईमुगाच्या पाल्यावर ही प्रक्रिया करणे म्हणजे पैसे आणि श्रम वाया घालवणे. हिरव्या, रसदार व साखर असलेल्या चाऱ्यावर तर ती करूच नये, कारण त्यात जनावरांना घातक द्रव्ये तयार होतात.

उसाच्या वाढ्यांवर मेंढ्या जगवता येतात का?

जगवता येतात, वाढवता येत नाहीत. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत साखर कारखान्यांच्या पट्ट्यात वाढे, म्हणजे उसाच्या शेंड्याकडचा हिरवा पाला, मुबलक असते आणि हिरवा चारा म्हणून त्याचा मोह पडतो. परंतु त्यात प्रथिने चार ते सहा टक्केच असतात आणि ऑक्झॅलेट भरपूर असते. हे ऑक्झॅलेट शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते, त्यामुळे दीर्घकाळ निव्वळ वाढ्यावर असलेल्या गाभण आणि दुभत्या मेंढ्या खंगतात. वाढे एकूण चाऱ्याच्या निम्म्यापेक्षा कमी ठेवावे, त्याची कुटी करावी, सोबत डाळवर्गीय भूस द्यावे आणि खनिज मिश्रण चुकवू नये. उसाचे वाळलेले पाचट मात्र मेंढीच्या कामाचे नाही, ते शेतातच सरीत आच्छादन म्हणून ठेवणे अधिक शहाणपणाचे आहे.

कपाशीच्या रानात शेवटच्या वेचणीनंतर मेंढ्या सोडल्या तर चालते का?

चालते, आणि शेतकऱ्यालाही ते हवे असते. गुलाबी बोंडअळीचा जीवनक्रम तोडण्यासाठी शेवटच्या वेचणीनंतर शेतात शेळ्या-मेंढ्या चारण्याचा सल्ला कृषी विभागही देतो. मेंढ्यांना हिरवी पाने आणि अर्धवट उमललेली बोंडे मिळतात. येथे विचारायचा मुख्य प्रश्न शेवटची फवारणी केव्हा झाली हा आहे. शेतमालकाकडून औषधाचे नाव आणि तारीख विचारून घ्यावी, आणि उत्तर गुळमुळीत आले तर त्या रानात कळप घालू नये.

कांद्याची पात, द्राक्षाच्या छाटणीचा पाला, भाजीपाल्याचे उरलेले अवशेष यांचे काय?

कांदा जास्त खाल्ल्याने रक्तातील तांबड्या पेशी फुटतात आणि जनावराला पंडुरोग (रक्तक्षय) होतो. गाई-म्हशींपेक्षा मेंढी कांदा बराच अधिक सहन करते. त्यामुळे काढणीनंतरच्या रानात पात आणि चिंगळ्या (अगदी लहान कांदे) खाणारे कळप नाशिक व अहिल्यानगर भागात सर्रास दिसतात. तरीही उपाशी कळप थेट कांद्याच्या ढिगावर सोडू नये. आधी कडबा किंवा भूस खाऊ घालून मग मर्यादित वेळ चारावे आणि लघवी तांबूस दिसू लागल्यास त्वरित थांबवावे. द्राक्षाचा पाला मेंढ्यांना आवडतो, परंतु द्राक्षबागेइतकी फवारणी क्वचितच दुसऱ्या पिकावर होते, म्हणून वरचा कापसाचा नियम येथे दुप्पट कडकपणे लावावा.

कापणीनंतर ज्वारीच्या बुडख्यांना आलेले कोवळे हिरवे फुटवे हा वेगळाच धोका आहे. त्यात, विशेषतः पाण्याचा ताण बसल्यावर, हायड्रोसायनिक आम्ल तयार होते आणि काही मिनिटांत मेंढ्या दगावू शकतात. पूर्ण वाळलेल्या कडब्यात ही भीती राहत नाही.

दुभत्या गाईंचे खनिज मिश्रण घरात आहे. तेच मेंढ्यांना दिले तर काय बिघडते?

बिघडते. मेंढीचे शरीर तांबे सहजासहजी बाहेर टाकत नाही. ते यकृतात साठत राहते आणि एखाद्या दिवशी, बहुधा प्रवासाच्या किंवा आजाराच्या ताणात, एकदम रक्तात येऊन मेंढी कावीळ होऊन मरते. गाईंसाठीच्या मिश्रणात तांबे मेंढीच्या गरजेपेक्षा जास्त असते आणि कोंबड्यांच्या खाद्यातही ते असू शकते. मेंढ्यांसाठी म्हणून बनवलेलेच मिश्रण घ्यावे.

खुराक सुरू केल्यावर कळपातील सर्वांत धष्टपुष्ट कोकरू अचानक मेले. असे का होते?

याला बहुतेक वेळा आंत्रविषार कारण असतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू मेंढीच्या आतड्यात एरवीही असतो. अचानक भरपूर धान्य किंवा कोवळा चारा मिळाला की तो झपाट्याने वाढतो आणि विष तयार करतो. सर्वांत जास्त खाणारे, म्हणजेच सर्वांत चांगले कोकरू आधी बळी पडते, आणि म्हणून मेंढपाळाला दृष्ट लागल्यासारखे वाटते. पावसाळ्यापूर्वी लस टोचून घेणे हा यावरचा खरा उपाय आहे. पहिल्यांदा लस देताना दोन-तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. खुराक सुरू करण्याच्या योजनेत लसीचा खर्च धरला नसेल तर ती योजनाच अपुरी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

दुसरे कारण आम्लविषार. पोते फोडून मेंढ्यांनी ज्वारी किंवा मका पोटभर खाल्ला, अथवा लग्नातले शिळे अन्न त्यांच्यापुढे टाकले, की कोठीपोटात आम्ल वाढते, मेंढी सुस्त होते आणि आंबूस वासाची हगवण लागते. म्हणून खुराक ५० ग्रॅमपासून सुरू करून दोन आठवड्यांत पूर्ण मात्रेवर न्यावा, दिवसाची मात्रा दोन वेळांत विभागावी आणि आधी भूस, मग खुराक हा क्रम ठेवावा. गव्हाण इतकी लांब असावी की सर्व कोकरे एकाच वेळी उभी राहू शकतील, नाहीतर दांडगी कोकरे दुप्पट खातात आणि दुबळी कोरडीच राहतात.

नर कोकरांना लघवी अडकण्याचा त्रास का होतो?

कोंडा, भरड आणि पेंड यांत फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असते. हे प्रमाण बिघडले की मूत्रमार्गात खडे होतात. नराचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने खडा तेथे अडकतो. वरच्या मिश्रणात चुनखडी आणि मीठ घातले आहे ते याचसाठी. कॅल्शियमचे प्रमाण फॉस्फरसच्या दुप्पट राहावे, मिठामुळे तहान लागावी आणि स्वच्छ पाणी समोर असावे, एवढे पाळले तर हा त्रास सहसा होत नाही. ईदसाठी सांभाळलेल्या मेंढ्यांना जास्तीत जास्त भरड चारणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

वाडा सतत फिरता असतो. आम्ही भूस कोठे साठवणार?

फिरत्या कळपाला वरील सगळे जसेच्या तसे लागू पडत नाही. ज्या शेतात खतासाठी मेंढ्या बसवल्या जातात, त्या शेतकऱ्याशी मोबदला ठरवताना पैसे किंवा धान्याबरोबर तुरीचे किंवा हरभऱ्याचे भूस मागून घेता येते. मळणीच्या दिवसांत अनेक शेतकऱ्यांना खळ्यावरचे भूस हलवून हवेच असते. वाघरीत (जाळीच्या कुंपणात) बसवलेल्या कळपातून संध्याकाळी फक्त गाभण मेंढ्या आणि कोकरे वेगळी काढून त्यांना चुनी व पेंड देणे एवढे तरी शक्य असते. घोड्यावर किंवा टेम्पोत एखादे-दोन पोती खुराक नेणे भुशाचे बोचके नेण्यापेक्षा सोपे आहे. म्हणून फिरत्या वाड्याने चारा रानातून घ्यावा आणि प्रथिने पोत्यातून द्यावीत.

मेंढीपालनासाठीच्या राज्य शासनाच्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत संतुलित खाद्यासाठीही अनुदानाची तरतूद आहे. चालू वर्षाच्या अटी तालुक्याच्या पशुसंवर्धन कार्यालयात विचाराव्यात.

खुराक घातल्याने खरोखर फायदा झाला, हे कसे ओळखावे?

काट्यावर. लटकता स्प्रिंग काटा आणि एक झोळी एवढ्या साहित्यात दर पंधरा दिवसांनी, सकाळी चरायला जाण्यापूर्वी, निवडक दहा कोकरांचे वजन वहीत लिहावे. हिशेब असा करावा : एका कोकराने ९० दिवसांत रोज ३०० ग्रॅमप्रमाणे २७ किलो खुराक खाल्ला. खुराकाचा भाव २६ रुपये धरला तर खर्च सुमारे ७०० रुपये झाला. खुराकामुळे रोज ५० ग्रॅम जास्त वाढ झाली असेल तर साडेचार किलो वजन वाढले. जिवंत वजनाला ३५० रुपये भाव धरला तर ते १,५७५ रुपयांचे होते. हे दर उदाहरणादाखल आहेत, तेथे आपल्या गावचे आकडे घालावेत.

या हिशेबाला एक मोठी गळती आहे. लोणंद असो वा आटपाडी, बाजारात बरेचसे व्यवहार वजनावर न होता डोळ्यांच्या अंदाजाने होतात, आणि तो अंदाज करण्यात व्यापारी मेंढपाळापेक्षा तयार असतो. साडेचार किलो वाढवूनही भाव जुन्याच अंदाजाने मिळाला तर खुराकाचे पैसे व्यापाऱ्याच्या खिशात जातात. आपल्या जनावराचे वजन माहीत असलेला विक्रेता निदान कोठे थांबायचे हे जाणतो.

वजन वाढतच नसेल तर खुराक वाढवण्यापूर्वी जंतांची तपासणी करावी. पावसाळ्यानंतर पोटात रक्त शोषणारे गोल जंत असतील, तर खालच्या पापणीचा आतला भाग पांढरट दिसतो आणि जबड्याखाली सूज येते. अशा कोकराला घातलेली पेंड निम्मी जंतांच्याच कामी येते.

कोणता अवशेष केव्हा घेऊन ठेवावा?

बाजरीचे सरमड, मूग-उडदाचे भूस आणि भुईमुगाचा पाला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सोयाबीनचा भुसा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, तुरीचे भूस डिसेंबर ते फेब्रुवारीत, आणि हरभऱ्याचे भूस, गव्हाचा भुसा व रब्बी कडबा फेब्रुवारी-मार्चमध्ये मिळतो. कडब्याच्या पेंढ्या शेकड्याच्या भावाने विकल्या जातात आणि मे महिन्यात तो भाव चढतो, म्हणून खरेदी मार्चअखेर उरकावी. पन्नास कोकरांना एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी रोज ४०० ग्रॅमप्रमाणे सुमारे १८ क्विंटल भूस लागते. नासधूस धरून २० क्विंटलांची तयारी ठेवावी. ते जमिनीपासून फूटभर उंच लाकडी किंवा दगडी ओट्यावर रचावे आणि वळवाचा पहिला पाऊस येण्यापूर्वी वरून पक्के झाकावे.